नेस्टाची बाजू

लायोनेल हॅवरगल यांच्या गाडीला एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी फोड आला.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, खिडकीच्या जरा खाली, चहाच्या बशीएवढा. बोटाने दाबला की आत जाई आणि बोट काढलं की हलकेच पुन्हा वर येई. हॅवरगलसाहेबांनी तो तीनदा दाबून पाहिला आणि मग नातेवाइकांना काय सांगावं या विचारात पडलेल्या डॉक्टरसारखे ते गॅरेजमधल्या स्टुलावर बसून राहिले.

ज्यांच्या गाड्या पत्र्याच्या असतात त्यांना हे दुःख कळायचं नाही. त्यांच्या गाडीला फार तर पोचा पडतो, गंज चढतो. हॅवरगलसाहेबांची १९२९ सालची ॲल्डरविक मात्र कापडाची होती. म्हणजे इंजिन, चाकं आणि बॉनेट लोखंडाचं. पण बाकी सगळं अंग, दारं, पाठ, छप्पर, सारं हलक्या लाकडी सांगाड्यावर कापसाचा थर घालून वरून ताणून बसवलेल्या रोगणी कापडाचं. सांगाड्यातली लाकडंसुद्धा एकमेकांना टेकू दिलेली नव्हती, त्यामुळे गाडी कधी कुरकुरत नसे. खड्ड्यातून जाताना झोपेत कूस बदलल्यासारखी ती नुसती हलायची. तिच्यातून वीस मैल गेलेला माणूस उतरल्यावर आपण कशाला आलो होतो हे क्षणभर विसरून जाई. हॅवरगलसाहेब एकदा दाढदुखीसाठी दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते. ते तिथे पोचल्यावर दवाखान्यासमोरचं चेरीचं झाड पाहून तसेच समाधानाने घरी परत आले होते.

आणि कापड मूळचं होतं. साठ वर्षांचं. अशा इतर गाड्यांच्या मालकांनी केव्हाच हात टेकून पत्रा ठोकला होता, नाहीतर नवं कापड चढवलं होतं. अख्ख्या श्रॉपशरमध्ये अंगावरच्या पहिल्या कपड्यानिशी उभी असलेली ही एकच गाडी, असं हॅवरगलसाहेब सांगत. खरं-खोटं तपासायला कुणी गेलं नव्हतं, कारण हॅवरगलसाहेब एकतीस वर्षं जिल्ह्याच्या वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि त्यांनी सांगितलेला आकडा तपासायची ब्रॉमस्टोक गावात कुणाची प्राज्ञा नव्हती.

एनिडबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फोड पाहिला आणि आहे तसा राहू दे म्हणून सांगितलं. गाडी त्यांच्या वडिलांची, त्यामुळे हा शेवटचा शब्द ठरायला हरकत नव्हती. पण हॅवरगलसाहेबांच्या मते काम चहाच्या वेळेपर्यंतचं होतं. एक फोड बसवायचा, बस्स.

शेजारचे मिस्टर पिंचबेक कुंपणावरून डोकावले. या गृहस्थांना जगातल्या प्रत्येक विषयाची थोडी थोडी आणि बहुतेक चुकीची माहिती असे. त्यांनी फोडाला घोड्याच्या इंजेक्शनने सरस टोचण्याचा सल्ला दिला. सिरिंज आपण आणून देऊ म्हणाले. समोरच्या मिसेस ट्रँटर गावभराचे पडदे शिवत, त्यांना हे हसण्यासारखं वाटलं. त्यांच्या मते कापड ते कापड, मग ते खिडकीला असो की गाडीला. ओल धरली आहे, वर पंचा टाकून मंद इस्त्री फिरवा, असं त्यांनी सांगितलं. हॅवरगलसाहेबांना दोन्ही सल्ले तोलून पाहता दुसरा जास्त शास्त्रीय वाटला. एनिडबाई चर्चच्या गानवृंदाच्या तालमीला गेल्या होत्या, हेही त्या शास्त्रीयतेत थोडंफार होतंच.

त्यांनी स्वयंपाकघरातला दीपस्तंभाचं चित्र असलेला पंचा दारावर धरला आणि इस्त्री टेकवली. सात सेकंद, घड्याळ लावून. पंचा उचलला तर दीपस्तंभ काळाठिक्कर पडलेला, आणि काळ्या गाडीच्या काळ्या दारावर इस्त्रीच्या आकाराचा एक निळा ठसा. साधासुधा निळा नव्हे, सकाळी जवसाच्या फुलांनी भरलेल्या शेताचा असतो तसा. फोड होता तिथेच होता आणि बोटभर वाढला होता.

हॅवरगलसाहेबांनी दाराला कान लावला. का लावला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही.

एनिडबाई आल्या, त्यांनी पंचा पाहिला, दार पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि घरातून गाडीबरोबर आलेली सहा पानी पुस्तिका आणली. तिच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की कापडावरचं रोगण सेल्युलोजचं असून त्याला उष्णता अजिबात लावू नये. मिस्टर पिंचबेक यांनी कुंपणापलीकडून पुस्ती जोडली की हे ज्या जातीचं रोगण त्याच जातीच्या मालापासून तोफेची दारू करतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची माहिती बरोबर निघाली. त्यांनी लगेच आपलं गवत कापायचं यंत्र सामाईक भिंतीपासून लांब नेऊन ठेवलं आणि पुढचे तीन आठवडे ते हॅवरगलसाहेबांशी जरा अंतरावरून बोलत.

"तू इस्त्री केलीस," एनिडबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत स्वतःच्या शर्टाला केली नाहीस."

हॅवरगलसाहेबांनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

आता प्रश्न फोडाचा राहिला नव्हता. काळ्या गाडीच्या आत निळी गाडी आहे हे एकदा कळल्यावर स्वस्थ बसणं निरीक्षकाच्या रक्तात नसतं. पुस्तिकेत काळजी घेण्याची रीत दिली होती ती तान्ह्या बाळाची म्हणून सहज खपली असती. कोमट पाणी, साबणाचा हलका फेस, मऊ स्पंज. पाणी ओतायचं नाही, स्पंज पिळून घ्यायचा. पेट्रोल, पॉलिश, ऊन वर्ज्य. एका वेळी रुमालाएवढीच जागा पुसायची, लगेच कोरडी करायची आणि मग पुढच्या जागेचा विचार करायचा. फोडासाठी दाराच्या कडेची पट्टी काढून आतला कापूस वाऱ्यावर सुकवायचा होता. हॅवरगलसाहेबांनी पट्टीचे सदतीस बारीक पितळी खिळे काढून कागदावर क्रमाने मांडले. आत उंदराचं घरटं निघालं. ते ज्या कागदांच्या कपट्यांचं केलेलं होतं त्यांवर स्वरलिपी होती. ईस्टरच्या आधी एनिडबाईंच्या गाण्याचे कागद हरवले होते आणि ते गानवृंदात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मिसेस ट्रँटरनी लपवले असं त्या गावभर सांगून चुकल्या होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी केक घेऊन समोर जावं लागलं.

मे महिना असा रुमालारुमालाने गेला. हॅवरगलसाहेब नाश्ता करून गॅरेजमध्ये जात, दार उघडं ठेवत. बाहेर नदीवरचं धुकं सफरचंदाच्या झाडांत अडकलेलं असे. फेस काळा होई, मग करडा, आणि मग त्याखालून निळा वर येई, इतका सावकाश, की आपण तो आणतोय की तो आपण होऊन येतोय हे त्यांना कळेनासं होई. कापूस सुकला, फोड आपोआप बसला, पट्टी परत लागली, तरी हात थांबेना. जेवायची हाक ऐकू येत नसे. एकदा तर एनिडबाई दोन हाका मारून स्वतःच आल्या आणि टेबलावरचं सूप गार होईपर्यंत त्याही दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

डावी बाजू आणि थोडी पाठ झाली, तेव्हा हॅवरगलसाहेबांच्या लक्षात आलं की नोंदणीपुस्तकात गाडीचा रंग काळा लिहिला आहे. दुसरा कुणी गप्प बसला असता. पण अर्ध्या औंसासाठी कसायाचा तराजू जप्त केलेल्या माणसाला असं गप्प बसता येत नाही. त्यांनी वाहन नोंदणीच्या कचेरीला पत्र लिहिलं की गाडीचा रंग बदललेला नसून सापडलेला आहे.

कचेरीने रंगबदलाचा छापील अर्ज पाठवला. त्यात रंग कोणत्या तारखेला बदलला ते विचारलं होतं. हॅवरगलसाहेबांनी लिहिलं, बदलला नाही. अर्ज अपुरा म्हणून परत आला. त्यांनी सोबत चार पानी टिपण जोडलं. तेव्हा कचेरीने सरळ माणूसच पाठवला.

मिस्टर थ्रॉसेल नावाचे हे गृहस्थ पन्नाशीचे, ओलसर आणि सभ्य होते. ते आले त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. हॅवरगलसाहेबांनी गाडी गॅरेजच्या तोंडाशी उजेडात घेतली आणि छत्री गाडीवर धरली. पाहुणे आणि यजमान दोघेही भिजत राहिले. थ्रॉसेल यांनी छप्परावर बोट टेकवून पाहिलं आणि हातातल्या लिहायच्या फळीवरचा कागद चाळला.

"छप्पर कापडी," ते म्हणाले. "म्हणजे उघडतं."

"उघडत नाही."

"मग कापडी का?"

"दारंही कापडीच आहेत."

"ती उघडतात ना?"

"दारं उघडतात."

थ्रॉसेल यांनी बराच वेळ विचार करून काहीतरी लिहिलं, मग खोडलं. रंगाबाबत मात्र त्यांचा नियम स्पष्ट होता. अर्ध्याहून जास्त अंग ज्या रंगाचं, तो गाडीचा रंग. किती भाग निळा आहे असं त्यांनी सहज विचारलं. हॅवरगलसाहेब आत गेले, मोजपट्टी आणि चौकोनी आखलेला कागद घेऊन आले, आणि पाऊण तासाने, पावसातच, सत्तेचाळीस टक्के असा आकडा त्यांनी सांगितला.

"मग काळी," थ्रॉसेल म्हणाले आणि त्यांनी फळी काखेत घातली. आणखी तीन टक्क्यांवर थोडं काही झालं की कळवा, असं सांगून ते गेले.

एकतीस वर्षं लोक आपल्यासमोर का गप्प उभे राहत, हे हॅवरगलसाहेबांना त्या दिवशी ओल्या मोज्यांत उभं राहून पहिल्यांदा समजलं. सोमवारपासून उजवी बाजू घ्यायची आणि महिन्याभरात अर्ज त्या कचेरीच्या तोंडावर मारायचा, असं त्यांनी ठरवलं.

पण रविवारी सासूबाईंना भेटायला जायचं होतं. मिसेस ग्वेन प्रॉथेरो ब्याऐंशी वर्षांच्या, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहत. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी हॅवरगलसाहेब त्यांना 'मिसेस प्रॉथेरो' म्हणत. त्यांनीही कधी दुसरं काही म्हण असं सुचवलं नव्हतं. गाडी त्यांच्या यजमानांची. तिला इस्त्री केली हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि एनिडबाईंनी वाटेतच स्पष्ट केलं होतं की ते कुणी तरी म्हणजे त्या नव्हेत.

खिडकीशी बसून सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. हॅवरगलसाहेबांनी फोडापासून सुरुवात केली, इस्त्रीचा भाग भरभर सांगितला, निळ्या रंगाचा सावकाश सांगितला. सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"कुठली बाजू पुसलीस?"

"डावी. आणि पाठीचा थोडा भाग."

"डावी म्हणजे आत बसून डावी, की समोरून बघून?"

"आत बसून."

"मग ती माझी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे खाली आले. तोपर्यंत ते वर उचललेले होते हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. एक्केचाळीस सालची गोष्ट. लढाई चालू होती, पेट्रोल मिळेना, यजमान सैन्यात. गाडी विटांवर चढवून ठेवायची वेळ आली. पण अंत्यविधीच्या कामाला पेट्रोल मिळत असे, आणि गावच्या अंत्यविधीवाल्यांना शवपेटीच्या मागून येणाऱ्या घरच्या माणसांसाठी आवाज न करणारी गाडी हवी होती. फक्त निळी चालणार नव्हती. मग सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण नेस्टा यांनी बुटाच्या पॉलिशात काजळी आणि जवसाचं तेल घोटून दोन दिवसांत अख्खी गाडी काळी केली. डावी बाजू ग्वेनने, उजवी नेस्टाने. एनिड तीन वर्षांची होती, ती पायरीवर बसून काळे हात तोंडात घालत होती.

"मी सरळ सरळ पुसत होते, फरशी पुसतात तशी," सासूबाई म्हणाल्या. "नेस्टा गोल गोल. मी म्हटलं, अगं, जन्म जाईल असा. ती म्हणाली, दिसायला छान दिसतं. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार होतं? पण दोन दिवस ती तसंच करत राहिली. आणि गात होती. गाडी प्रेतयात्रेची करतोय आणि ही गातेय."

पुढच्या हिवाळ्यात नेस्टा न्यूमोनियाने गेली. तिच्या मागून घरची माणसं याच गाडीतून चर्चला गेली. लढाई संपल्यावर यजमान रंग काढू म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी काढू दिला नाही. कारण सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

"माझी बाजू पूस हवी तेवढी," त्या म्हणाल्या. "ती उजवी मात्र ठेव, लायोनेल. तिच्या हातचं दुसरं काही नाही माझ्याकडे. फोटो आहे एक, त्यात ती हललीय."

हॅवरगलसाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं. ते "हो, मिसेस प्रॉथेरो" एवढंच म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल उचलून सासूबाईंच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी त्यांनी स्पंज आणला नाही. गॅरेजचं दार उघडलं आणि ऊन तिरपं आत येईपर्यंत ते थांबले. उजव्या दारांवर ऊन पडलं तेव्हा त्यांना वर्तुळं दिसली. नाण्याएवढी, एकात एक गुंतलेली, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत शेकडो. वीस वर्षं ते त्यांना कापडाची वीण समजत आले होते. खालच्या कडेला, जिथे वाकून हात दुखत असणार, तिथेही ती तितकीच गोल होती. एनिडबाई त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी एका वर्तुळावर बोट फिरवलं, कापडाला न लावता, जरा वरून.

कचेरीला शेवटचं पत्र गेलं ते दोन ओळींचं. गाडी काळी आहे, आणि राहील.

उरला होता छप्परावरचा सांधा. निळं कुठे संपवायचं आणि काळं कुठे सुरू करायचं? हॅवरगलसाहेबांनी मधोमध खडूची दोरी धरली होती. एनिडबाईंनी ती काढून घेतली. आईचा हात जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत आई, मावशीचा पोचला तिथपर्यंत मावशी, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे छप्परावर ती रेघ नदीसारखी वाकडी गेली, आणि वजनमापं खात्याच्या माजी निरीक्षकाने ती तशीच राहू दिली.

जूनच्या एका मऊ दुपारी त्यांनी सासूबाईंना फिरायला काढलं. निघताना मिस्टर पिंचबेक कुंपण ओलांडून जवळ आले, गाडीला पूर्ण फेरी मारली, आणि म्हणाले की इकडून पाहिलं तर लग्नाला निघालेत आणि तिकडून पाहिलं तर मयताला. सासूबाईंनी दोन्ही ठिकाणी केक मिळतो असं सांगितलं आणि त्या मागे, उजवीकडे बसल्या. काच खाली करून त्यांनी हात बाहेर काढला आणि दारावर सपाट ठेवला.

गाडी उंच झुडपांच्या अरुंद रस्त्यांना लागली. त्या दिवशी ब्रॉमस्टोकमध्ये एक भांडण झालं ते बरेच दिवस चाललं. पोस्टाच्या बाईंनी निळी गाडी जाताना पाहिली होती आणि रस्त्यापलीकडच्या कसायाने, त्याच मिनिटाला, काळी. कसायाच्या नजरेवर पूर्वीपासूनच गावाचा विश्वास कमी होता, तो आणखी खाली आला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं लवत होती. चाकं कुठे वळत होती ते कळत नव्हतं, नुसती शेतं एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत सरकत होती. तिसऱ्या टेकडीनंतर एनिडबाईंनी मागे पाहिलं आणि नवऱ्याच्या बाहीला हात लावला. सासूबाईंना झोप लागली होती. त्यांची हॅट डोळ्यांवर आली होती आणि हात दारावर तसाच होता.

"थांबू नकोस," एनिडबाई हळूच म्हणाल्या. "थांबलास की जागी होईल."

मग ते थांबले नाहीत. पूल ओलांडला, गिरणीला वळसा घातला, पुन्हा पूल आला. चार वाजले, साडेचार वाजले. आश्रमातला चहा हुकला. हॅवरगलसाहेबांना मध्येच आठवलं की तोफेच्या दारूच्या गोष्टीनंतर आपण भीतीने टाकीत पेट्रोल अगदी तळाशी ठेवत आलो आहोत. हे बोलून दाखवावं की नाही असा विचार ते करत होते, तोवर इंजिन एकदा खाकरलं आणि गप्प झालं. गाडी आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि मेंढ्यांच्या कुरणाच्या फाटकापाशी उभी राहिली. कुठेही काही करकरलं नाही. गाडी थांबली हे आधी मेंढ्यांना कळलं. त्यांनी माना वर केल्या.

पेट्रोलचा पंप तिथून दोन मैल मागे होता. हॅवरगलसाहेबांनी दाराच्या मुठीला हात घातला.

"पोचलो का?" मागून सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

हॅवरगलसाहेबांनी एनिडबाईंकडे पाहिलं.

"नाही आई," एनिडबाई म्हणाल्या. "अजून चाललोय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा झोपल्या.

हॅवरगलसाहेबांनी मुठीवरचा हात काढला आणि मागे टेकून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, गाडी चालवत असल्यासारखे.